पॉवर किती? आधी कुठली ते सांगा

औषधाच्या दुकानात आपण ‘जरा जास्त पॉवरची गोळी द्या’ म्हणतो, तिथे मतलब असतो मिलिग्रॅमशी. भिंगाची पॉवर म्हणजे एकाला मीटरमधल्या नाभीय अंतराने भागून येणारा आकडा. आपण त्याला सरळ ‘नंबर’ म्हणतो ते उत्तम. गणितातली पॉवर म्हणजे घात. इथे कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते विजेपाशी. आमच्या सोसायटीत सोलरची मीटिंग होती. एका काकांनी विचारलं, “तीन किलोवॅटची पॅनेलं, म्हणजे तीनच युनिट? त्यासाठी एवढा खर्च?” कुणी हसलं नाही, कारण निम्म्यांना तीच शंका होती.

किलोवॅट ही पॉवर, म्हणजे नळाची धार. युनिट ही ऊर्जा, म्हणजे भरलेली बादली. नळ किती वेळ सोडला ते कळल्याशिवाय बादल्या मोजता येत नाहीत. दोन किलोवॅटचा गीझर रोज पाव तास लावला, तर अर्धं युनिट जळतं, महिन्याला पंधरा. कोपऱ्यात दिवे मिचकावणारा राउटर जेमतेम 10 वॅटचा, पण तो चोवीस तास चालू. महिन्याला सात युनिटं! गीझर बंद कर म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्यांना राउटर कधी दिसत नाही. बिलावरचा ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये असतो, कारण तो एका वेळी किती ओढायचं ते सांगतो. पैसे मुख्यतः युनिटांचे लागतात.

माझं डोकं फिरतं ते ‘किलोवॅट प्रति तास’ वाचून. अहो, युनिट म्हणजे किलोवॅट-तास, गुणाकार आहे तो! वॅट म्हणजेच सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा. त्यात ‘प्रति’ आधीच बसलेला आहे. त्याला पुन्हा ‘प्रति तास’ लावणं म्हणजे ‘गाडी ताशी साठ किलोमीटर प्रति तास पळते’ म्हणण्यासारखं. ‘प्रकल्पातून रोज 5 मेगावॅट वीज मिळणार’ ही बातमीही त्याच जातीची. रोज किती धार मिळणार?

कोयनेचं बघा. क्षमता 1,960 मेगावॅट (एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट), म्हणजे पूर्ण जोरात तासभर चालवली तर 19 लाख 60 हजार युनिटं. पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. धार दांडगी, टाकी मोजकी. म्हणून कोयना प्रामुख्याने मागणी चढते त्या वेळी कामाला जुंपतात.

काकांना शेवटी हिशेब मांडून दिला: आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चारेक युनिट, म्हणजे तीनला बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, “आणि पावसाळ्यात?” त्या मीटिंगमधला पहिला बरोबर प्रश्न. पॅनेलं तीन किलोवॅटचीच राहतात, युनिटं घटतात.