आल्यातली कात्री

मागच्या रविवारी वहिनीनं घाईत चहा टाकला. पाणी, दूध, साखर, किसलेलं आलं, सगळं एकदमच पातेल्यात आणि गॅस बारीक. थोड्या वेळानं बघते तर चहा फाटलेला! आईनं दूधवाल्याला बोल लावला, शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली. मी त्याच पिशवीतलं उरलेलं दूध तापवलं. ते व्यवस्थित उकळलं, वर सायही धरली. नासकं दूध आलं न घालताही तापवताना फाटलं असतं. म्हणजे दूधवाला निर्दोष, आणि दृष्टीचा तर प्रश्नच नाही.

हे काम होतं आल्यातल्या झिंजिबेन नावाच्या विकराचं. विकर म्हणजे एन्झाइम, आणि हा विकर प्रथिनं कापतो.

दुधातल्या केसिन या प्रथिनाचे हजारो रेणू एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनतात. त्यांना मायसेल म्हणतात. एकेक गोळा मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाएवढा. त्याच्या अंगावर कप्पा-केसिनची बारीक लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. दोन गोळे जवळ आले की ही लव त्यांना लांब ढकलते, म्हणून दूध पातळ राहतं. झिंजिबेन नेमकी ही लवच छाटतो. मग उघडे पडलेले गोळे कॅल्शियमच्या साथीनं एकमेकांना चिकटत जातात आणि गुठळी होते. चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट हेच करतं. लिंबाची तऱ्हा वेगळी. ते काही कापत नाही, दुधाचा सामू (म्हणजे pH, आंबटपणाचं माप) ४.६ च्या आसपास आणून भारच नाहीसा करतं.

झिंजिबेनचा जोर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात जास्त. उकळत्या पाण्यात मात्र त्याच्या रेणूची घडी विस्कटते आणि तो कायमचा निकामी होतो. वहिनीच्या पातेल्यातलं दूध मंद आचेवर नेमकं त्या ६० अंशांपाशी रेंगाळलं. म्हणून आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळायचं, दूध नंतर. वेलची अगदी शेवटी, तिची सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात.

खात्री करायची असेल तर दोन वाट्या घ्या. एकीत चमचाभर आल्याचा ताजा रस, दुसरीत तेवढाच पण उकळलेला. दोन्हींत हाताला चांगलं गरम लागेल असं दूध ओता आणि ढवळू नका. दहा मिनिटांत पहिली वाटी खरवसासारखी थरथरेल, दुसरीतलं दूध पातळच राहील. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात आल्याच्या रसानं असंच दूध घट्ट करून गोड पदार्थ करतात.

गंमत अशी, की आल्यातला विकर मारायचा, पण चहाच्या पानातला जागा करायचा! इथं आपला गवती चहा बाजूला ठेवू, ते गवत आहे. खरा चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस हे झुडूप. त्याला सामू साडेचार ते साडेपाचची आम्लधर्मी माती लागते. कोकणातली जांभ्याची माती त्याला मानवते, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत मात्र लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात. कुंडीत पाणी साचू देऊ नका आणि पहिली खुडणी करायला दोन-तीन वर्षं धीर धरा.

पानाच्या पेशीत कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हा विकर दुसऱ्या कप्प्यात असतो. पान चुरगळलं की मधली भिंत फुटते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि थिआफ्लेविनसारखी तांबूस द्रव्यं तयार होतात. कापलेलं वांगं काळं पडतं ते याच जातीच्या विकरामुळे. पान खुडल्याबरोबर वाफवून विकर मारला, तर तोच ग्रीन टी. झाड एकच! त्यामुळे एकाला औषध आणि दुसऱ्याला विष ठरवणाऱ्या जाहिरातींवर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही.

यंदा माझ्या कुंडीतली मूठभर पानं मी रात्रभर सुकवली आणि सकाळी तळहातांत चोळली. आधी ओल्या गवताचा वास होता. दोन तासांनी पानं तांब्याच्या रंगाची झाली आणि घरभर पिकल्या फळासारखा दरवळ सुटला. मग तव्यावर मंद आचेवर कोरडी केली. त्यातून दोनच कप चहा निघाला.