क्ष-किरण तपासणी आणि शिशाचे आवरण : पार्श्वभूमी

एक्स-रे काढताना रुग्णाच्या ओटीपोटावर शिशाचे आवरण ठेवण्याची पद्धत १९५०च्या दशकात रूढ झाली. तिच्या मुळाशी रुग्णाच्या स्वतःच्या आरोग्यापेक्षा पुढच्या पिढीची चिंता अधिक होती, कारण क्ष-किरणांनी फळमाश्यांत घडवलेले जनुकीय बदल संततीत उतरतात हे १९२७ मध्येच दिसून आले होते. १९७६ मध्ये अमेरिकेच्या नियामक यंत्रणेनेही जननग्रंथींवर (स्त्रीबीजकोश आणि वृषण यांवर) आवरण ठेवण्याची शिफारस केली.

मात्र हिरोशिमा आणि नागासाकी येथे बचावलेल्यांच्या मुलांची अनेक दशके पाहणी करूनही आनुवंशिक दुष्परिणामांचा ठोस पुरावा मिळाला नाही. त्यामुळे किरणोत्साराचा धोका मोजताना जननग्रंथींना दिला जाणारा भारांक, म्हणजे एकूण धोक्यातला त्यांचा वाटा, १९७७ मधील ०.२५ वरून २००७ मध्ये ०.०८ वर आला. दरम्यान उपकरणे सुधारून रुग्णाला मिळणारी किरणांची मात्राही पुष्कळ घटली. आज छातीच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा त्याहून कमी असते, तर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतच असतो.

२०१९ मध्ये वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या एका संघटनेने आणि २०२१ मध्ये किरणोत्सार संरक्षणाच्या एका परिषदेने आवरणाचा सरसकट वापर थांबवण्यास सांगितले, आणि वाद पेटला तो इथे. स्त्रीबीजकोशांची जागा प्रत्येकीत थोडी वेगळी असल्याने ते आवरणाखाली येतीलच याची खात्री नसते. आवरण सरकले, तर पाहायचे हाडच झाकले जाते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. ते स्वयंचलित मात्रानियंत्रकाच्या संवेदकावर आले, तर किरण कमी पोहोचत आहेत असे समजून यंत्र उलट मात्रा वाढवते. शिवाय शरीराच्या आतच विखुरणारे किरण बाहेरून ठेवलेले शिसे अडवू शकत नाही. ही कारणे भक्कम आहेत आणि निर्णय योग्यच आहे. परंतु तो रुग्णांपर्यंत ज्या तुटकपणे पोहोचला, त्याचे समर्थन करता येत नाही. आपल्या मुलाचे आवरण काढले, पण तंत्रज्ञाने स्वतःचे ॲप्रन घातलेलेच आहे, हे पाहणाऱ्या पालकाला शंका येणे स्वाभाविक आहे. तंत्रज्ञ दिवसामागून दिवस, वर्षानुवर्षे या कामात असतो आणि त्याला त्या किरणांचा वैद्यकीय लाभ काहीच नसतो, एवढे जरी तिथे सांगितले, तरी पुष्कळ गैरसमज टळतात.

२०२४ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेनेही दातांच्या एक्स-रेसाठी ॲप्रन आणि गळपट्टा नित्याने वापरू नये, असे सुचवले. किरणांचा झोत तपासायच्या भागापुरता मर्यादित ठेवणे आणि मुळात एक्स-रे गरजेचा आहे का, हे आधी ठरवणे, यांवर आता भर दिला जातो.