सोसायटीच्या गेटचं कार्ड कॉपी होतं का?

नमस्कार मंडळी, हल्ली कमिटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास निघतो म्हणून आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी लिहितोय. तर हो, होतं, आणि स्वस्तातलं कार्ड तर फारच पटकन होतं.

ते जाडसर पांढरं १२५ किलोहर्ट्झवालं कार्ड बघा, त्यावर दहा आकडी नंबर छापलेला असतो, शेजारी स्वल्पविराम टाकून अजून एक. कार्ड गेटवरच्या रीडरला (कार्ड वाचणाऱ्या यंत्राला) हा नंबर सांगतं, बास, पासवर्ड नाही की उलटतपासणी नाही, म्हणजे दारात कोण विचारल्यावर नुसतं नाव सांगितलं आणि कडी काढली असा प्रकार. त्यामुळे बऱ्याच गेटवर कार्डाच्या साध्या फोटोवरूनही डुप्लिकेट चालून जातं, तेव्हा कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नका प्लीज.

कार्डात बॅटरी नसते, रीडरकडून मिळेल तेवढ्या पॉवरवर चिप चालते, वर किंमत कमी ठेवायची, मग स्वस्तातल्या कार्डात नीट एन्क्रिप्शनला, म्हणजे माहिती गुप्त भाषेत पाठवायला, जागाच उरत नाही. मायफेअर क्लासिक या त्याच्या वरच्या कार्डात एन्क्रिप्शन आहे, पण त्याची ‘की’ (गुप्त किल्ली-नंबर) ४८ बिटची, पद्धत चिप बनवणाऱ्या कंपनीने गुपित ठेवलेली आणि दरवेळी वापरायचा रँडम नंबर अवघा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पर्यायांत खेळ खल्लास. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनला संशोधकांनी चिपचे थर खरवडून ती पद्धत शोधल्याचं जाहीर केलं, २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठाने कार्ड कसं फुटतं ते दाखवलं, कंपनी कोर्टात गेली पण कोर्टाने छापायला बंदी घातली नाही. लंडनच्या बस-मेट्रोचं ऑयस्टर कार्ड तेव्हा याच चिपवर होतं.

आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. सोसायटी पैसे घालून भारीतलं कार्ड घेते आणि बसवणारा माणूस रीडर असा सेट करतो की तो फक्त चिपचा सिरीयल नंबर वाचतो, एन्क्रिप्शन वापरतच नाही, आणि तो नंबर बदलता येणारी कोरी कार्डं बाजारात सहज मिळतात. म्हणजे खर्च झाला, सुरक्षा तिथेच.

गेट लांबूनच उघडणाऱ्या, गाडीच्या काचेवरच्या स्टिकरमध्ये ३२ बिटचा पासवर्ड असतो खरा, पण तो झाकायला वापरलेला रँडम नंबर स्टिकर स्वतःच उघड्यावर पाठवतो, स्टिकर आणि रीडर दोघांचं बोलणं ऐकणाऱ्याला पासवर्ड मिळतो.

नवीन काम असेल तर १२८ बिटची की आणि एईएस ही भरवशाची एन्क्रिप्शन पद्धत वापरणारं डेसफायर कार्डच घ्या, आणि रीडर कार्डाची ही ‘की’ खरंच तपासतो का हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या. जुनी सिस्टीम लगेच बदलणं जमत नसेल तर हरवलेली आणि घर सोडून गेलेल्या भाडेकरूंची कार्डं त्याच दिवशी लिस्टमधून उडवा, रात्री गेटवर कार्डासोबत पिन लावा. रीडरच्या लेबलचा फोटो आम्हाला पाठवलात तर तो काय वाचतो ते बघून सांगू, त्याचे पैसे घेत नाही.