नौली करताना पोटात नेमकं होतं काय?

पहिल्यांदा नौली, म्हणजे योगातली पोटाची ती क्रिया, बघितली तेव्हा मला भीतीच वाटली होती. माणूस गुडघ्यात थोडा वाकून उभा, हात मांड्यांवर टेकलेले, पोट पार पाठीला चिकटल्यासारखं आत गेलेलं, आणि मधोमध एक जाड उभा दोर वर आलेला, तो डावीकडे जातो, उजवीकडे जातो आणि मग ताक घुसळल्यासारखा फिरायलाच लागतो. मला वाटायचं आतडीच फिरतायत. तसं नाहीये. तो दोर म्हणजे फासळ्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणाऱ्या दोन उभ्या स्नायूंची जोडी, जिमवाले ज्याला सिक्स पॅक म्हणतात तेच स्नायू. दोन्ही आवळले की मध्यनौली, एकेक आवळला की वामनौली आणि दक्षिणनौली, आणि हेच पटापट आळीपाळीने केलं की फिरल्यासारखं दिसतं.

पण त्याच्या आधी जे होतं ते समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावर आहे. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, घसा बंद ठेवायचा आणि श्वास घेतल्यासारखी छाती फुगवायची, पण हवा आत येऊ द्यायची नाही. छातीतली जागा वाढली, हवा मात्र आली नाही, म्हणजे आतलं प्रेशर पडतं, मग डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा, वर खेचला जातो आणि त्याच्यामागोमाग पोट आत जातं. हे झालं उड्डियान. म्हणजे पोट आपण आत ओढायचंच नसतं, ते आपोआप ओढलं जातं! नवीन लोक पोट आवळून बसतात आणि मग म्हणतात जमत नाही.

हे प्रेशर खरंच किती पडतं हे मोजायचं डोकं लढवलं लोणावळ्याच्या कैवल्यधामच्या स्वामी कुवलयानंदांनी. 1924 मध्ये त्यांनी संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. एक्स-रे काढले, नळी घालून मॅनोमीटरने मोठ्या आतड्यातलं प्रेशर बघितलं, तर नौलीत ते बाहेरच्या हवेपेक्षा कमी निघालं. त्याला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावाने माधवदास व्हॅक्यूम म्हटलं. बस्तीत, म्हणजे गुदद्वारातून पाणी आत ओढून आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी वर कसं चढतं त्याचं उत्तर हेच. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणीतरी योगाला मोजून बघत होतं याचा मला फार अभिमान वाटतो.

आता फायदे. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात नौली षट्कर्मांमध्ये, म्हणजे शरीर साफ करायच्या सहा क्रियांमध्ये, आहे आणि मंदाग्नी पेटवणारी, पचन सुधारणारी असं तिचं वर्णन आहे. पोट साफ व्हायला मदत होते हा माझा स्वतःचा अनुभव आहे, सकाळी कोमट पाणी पिऊन थोड्या वेळाने केली की लगेच जावं लागतं. कारण पटण्यासारखं आहे, मोठं आतडं आपल्या उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं, त्याच्यावर एकदा व्हॅक्यूम आणि एकदा दाब असा चोळा बसतो. हाताने पोट चोळण्यावर 2009 मध्ये स्वीडनमध्ये 60 लोकांवर एक ट्रायल झाली होती, बद्धकोष्ठाचा त्रास कमी झाला पण पोट साफ व्हायची औषधं काही सुटली नाहीत. अर्थात हात वेगळा नि नौली वेगळी, त्यामुळे ते निकाल जसेच्या तसे इकडे लावू नका. आणि नौलीने चरबी वितळते, लिव्हर डिटॉक्स होतं वगैरे जे फिरतंय त्याच्यावर विश्वास ठेवू नका, व्हॅक्यूमने चरबी वितळत नाही.

गरोदर बायका, हर्निया, अल्सर, हाय बीपी किंवा काचबिंदू असलेले, पोटाचं ऑपरेशन झालेले यांनी करू नये, पाळीतही नको. बाकीच्यांनी रिकाम्या पोटी आणि शिकवणारा समोर असतानाच. माझ्या बाईंनी दीड महिना नौलीचं नावही काढू दिलं नव्हतं, रोज फक्त तो खोटा श्वास, आणि एका सकाळी पोट आपलं आपण आत गेलं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, हं, आता उद्यापासून मधला दोर काढायचा.