शेन्झेन म्हणे कोळ्यांचं खेडं होतं!

‘दक्षिण चीनमधलं कोळ्यांचं एक खेडं, 1980 साली विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि बघता बघता महानगर बनलं.’ शेन्झेनची ही गोष्ट भाषणांत, फॉरवर्डमध्ये सगळीकडे फिरते. ऐकायला झकास, पण पहिलाच भाग चुकीचा आहे.

आजच्या शेन्झेनच्या जागी तेव्हा बाओआन नावाचा अख्खा जिल्हा होता आणि त्याची लोकसंख्या तीन लाखांच्या घरात होती. कोळी होतेच, पण भातशेती करणारे आणि कालवं पाळणारेही होते. मूळ शेन्झेन तर बाजारपेठेचं गाव. 1911 साली कँटन-कौलून रेल्वे तिथून धावू लागली आणि 1953 मध्ये जिल्ह्याचं ठाणंही याच गावात आलं, तेही रेल्वेमुळेच.

इतिहास बघायचाच असेल तर हुआछियांगबेईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार फिरून झाल्यावर नानतौला जा. तिथे जुन्या प्रशासकीय नगराची वेस अजून उभी आहे. दापेंगचा किल्ला 1394 चा, समुद्री चाच्यांना रोखायला मिंग राजवटीत बांधलेला. गंमत म्हणजे ब्रिटिशांनी घेतलेलं हाँगकाँगही आधी नानतौहून चालणाऱ्या कारभारातच होतं.

मग खेड्याची कथा का टिकली? चीनच्या आर्थिक सुधारणांचं यश त्यामुळे आणखी मोठं दिसतं. खरं तर 2020 च्या जनगणनेत पावणेदोन कोटींच्या आसपास गेलेल्या शहराला असल्या तिखटमिठाची गरजच नाही. शेजारचं हाँगकाँग, तिथलं भांडवल आणि चीनभरातून आलेले कामगार, या वाढीत यांचा वाटा फार मोठा आहे.