मांड्या भरतात त्या उतरताना

मागच्या रविवारी आम्ही सहाजण दौलताबादचा किल्ला चढून आलो. मंगळवारी एकालाही धड उकिडवं बसता येईना. पोलीस भरतीची तयारी करणारा भाचा म्हणाला, "मामा, लई चढलो ना, लॅक्टिक ॲसिड साचलंय मांड्यांत."

दोन्ही चूक. ते ॲसिड तास-दीड तासात निघून जातं; मंगळवारपर्यंत मुक्कामाला राहत नाही. आणि मांड्या भरल्या त्या चढल्यामुळे कमी, उतरल्यामुळे जास्त.

स्नायूला ओढणं तेवढं येतं, ढकलणं येत नाही. मोंढ्यात हमाल पोतं उचलतो तेव्हा त्याच्या दंडाचा स्नायू ओढत आखूड होतो. हे कॉन्सेंट्रिक आकुंचन. पोतं धरून थांबला की ओढ चालू, लांबी तीच; ते आयसोमेट्रिक. आणि पोतं न आपटता हळूच टेकवताना स्नायू ओढतच असतो, तरी वजनापुढे लांबत जातो. हे इसेंट्रिक. लांबणाऱ्याला आकुंचन म्हणायचं, हा शब्दाचाच घोळ आहे!

खरी गंमत आत आहे. स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतात, हे १९५४ साली अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह मांडलं. (दोघं एकमेकांचे कुणी नव्हते.) विहिरीतून पोहरा शेंदताना आपण हात बदलत दोर ओढतो, तशी मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात, हिसका देतात, सोडतात. सोडायला दर वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू लागतो. मेल्यावर एटीपी संपतं, डोकी अडकून बसतात, म्हणून प्रेत ताठतं. त्यात भूतबाधा नाही.

किल्ला उतरताना मांडीचा स्नायूही पोतं टेकवल्यासारखा ओढत ओढत लांबतो. तेव्हा मात्र शरीराचं वजनच बरीच डोकी ओढून सोडवतं. एटीपी वाचतं, दम लागत नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने ते रोखायचं; रोखणाऱ्याचं काम इसेंट्रिक. प्रयोग करणाऱ्यांपैकी एक, शास्त्रज्ञ ब्रेंडा बिगलंड रोखायला बसल्या आणि पेडल मारणाऱ्या पुरुषाला त्यांनी सहज दमवलं.

पण या स्वस्ताईची किंमत नंतर कळते. सार्कोमिअर म्हणजे तंतूंतले दोन-अडीच मायक्रोमीटरचे खण. सगळेच सारखे दणकट नसतात. ताणाखाली कच्चे खण जास्त लांबतात, काही फाटतात. मग सूज येते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. चार-पाच दिवसांत आपोआप ओसरतंही, म्हणून तर 'नस चढली' म्हणत दोरा बांधणाऱ्यांचं फावतं.

दोनेक आठवड्यांनी तोच किल्ला पुन्हा उतरलात तर बरंच कमी दुखेल. स्नायू तेवढ्यात सावध होतो. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "आधी हा घरचा जिना उतरू द्या, मामा."