चोवीस व्होल्टवरचा व्हॉल्व्ह: हायब्रिड हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची पार्श्वभूमी

मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये रात्री अकरानंतर मालकंस मनाजोगत्या आवाजात ऐकायचा, तर हेडफोनशिवाय इलाज नाही. म्हणून इथली हौशी मंडळी हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जीव टाकतात. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये एक जोडी हमखास भेटते: पुढे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची व्हॅक्यूम ट्यूब), मागे ट्रान्झिस्टर. याला ‘धड ना हे, धड ना ते’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. ही जोडी जमली ती मोटारीच्या रेडिओत, जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी, निव्वळ गरजेपोटी. आणि तेव्हा पडलेला प्रश्न आज आपल्या टेबलावरही तसाच आहे: व्हॉल्व्हला किती व्होल्ट द्यायचे?

व्हॉल्व्ह हा व्होल्टेजचा गडी. घरच्या रेडिओत त्याच्या प्लेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉन जाऊन पोहोचतात त्या टोकावर, दोनशे-अडीचशे व्होल्ट असायचे. ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पुढे देशातच व्हॉल्व्ह बनवले. त्या काळचे मेकॅनिक चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा हात खिशात ठेवत. शॉक बसलाच तर तो छातीतून आरपार जाऊ नये म्हणून.

मोटारीत मात्र बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. त्यातून दोनशे व्होल्ट काढायला व्हायब्रेटर लागे. त्यातली पत्ती सतत थरथरत बॅटरीचा डीसी तोडायची, मग ट्रान्सफॉर्मर तो चढवायचा. पत्तीचे काँटॅक्ट जळत, आणि गुणगुण रेडिओत उतरे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर जर्मेनियमचे पॉवर ट्रान्झिस्टर आले. बारा व्होल्टवर भरपूर करंट द्यायला ते तयार होते, पण रेडिओच्या उच्च फ्रिक्वेन्सीवर परवडेल अशा किमतीत चालणारे ट्रान्झिस्टर अजून दुर्मीळ होते. मग कारखान्यांनी थेट बारा व्होल्टच्या प्लेटवर चालणारे व्हॉल्व्ह काढले. १२के५ सारख्या काहींत कॅथोडजवळ (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाजवळ) एक जादा ग्रिड, म्हणजे तारेची जाळी, असे. तिला बॅटरीचे बारा व्होल्ट देऊन इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचे, म्हणजे दूरच्या प्लेटवरच्या कमी व्होल्टेजची भरपाई होई. युरोपात याच कामासाठी ईसीसी८६ आला. व्हॉल्व्हने स्टेशन पकडायचं, ट्रान्झिस्टरने स्पीकर हलवायचा. व्हायब्रेटर गेला.

काही वर्षांतच सगळं काम ट्रान्झिस्टरकडे गेलं आणि हे व्हॉल्व्ह खोक्यांत पडून राहिले.

इकडे हेडफोन बदलत होते. १९६८ चा सेनहायझर एचडी ४१४ दोन हजार ओहमचा होता, म्हणजे करंटला अडथळा मोठा आणि करंटची गरज थोडी. इतका जादा ओहम व्हॉल्व्हला मानवतो. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. दोन पेन्सिल सेलवर वाजायचं, म्हणजे व्होल्टेज थोडं, म्हणून हेडफोनचे ओहमही कमी. आज बत्तीस ओहम सर्रास दिसतात. इथे एकट्या व्हॉल्व्हची पंचाईत होते. ईसीसी८८ हा व्हॉल्व्ह कॅथोड फॉलोअर म्हणून (सिग्नल न वाढवता फक्त त्याला जोर देणाऱ्या जोडणीत) लावला तरी त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नल बाहेर पडतानाचा त्याचा स्वतःचा अडथळा, ८० ओहमच्या आसपास राहतो. बत्तीस ओहमचा हेडफोन लावला की बराचसा सिग्नल व्हॉल्व्हमध्येच मुरतो. हेडफोनचे ओहम प्रत्येक सुराला वेगळे असतात, त्यामुळे खर्ज कुठे फुगतो, कुठे ढिला पडतो. ६०८० सारखा दणकट व्हॉल्व्ह घेऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय अ‍ॅम्प बांधणारे आहेत आणि तीनशे ओहमच्या हेडफोनवर ते सुंदर वाजतात. पण ६०८० चा हीटरच (कॅथोड तापवणारी तार) ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर खातो, म्हणजे जवळजवळ १६ वॅट. मे महिन्यात बंद खोलीत तो शेजारी घेऊन बसून पाहा.

या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पीट मिलेट यांनी खोक्यांत पडलेले ते मोटारीचे व्हॉल्व्ह पुन्हा बाहेर काढले. चोवीस व्होल्टचा सप्लाय, पुढे व्हॉल्व्ह, मागे हेडफोनला करंट पुरवणारी बफरची चिप. घरी बांधणाऱ्याला शॉकची भीती नाही आणि खर्चही बेताचा. जगभरच्या हौशी लोकांनी हा आराखडा उचलला, मग त्यात मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आले, आणि टीव्हीच्या ट्यूनरसाठी बनलेला ईसीसी८८सुद्धा चोवीस व्होल्टवर चालवला जाऊ लागला.

खरी ओढाताण इथून सुरू होते. ईसीसी८८ ला ९० व्होल्टची प्लेट अपेक्षित आहे. चोवीसवर ग्रिडचं व्होल्टेज कॅथोडच्या व्होल्टेजच्या इतकं जवळ आणावं लागतं की गायकाने जोरकस तान घेतली की ग्रिडच करंट ओढू लागते आणि आवाज चिरकतो. जास्त व्होल्ट द्यायचे तर स्टेप-अप कन्व्हर्टर आला, त्याची शिट्टी आली आणि शॉकची भीतीही परत आली. मागच्या बाजूला मॉसफेटच्या आउटपुटवर बारा व्होल्ट डीसी बसलेला असतो. तो अडवायला कंडेन्सर. २२० मायक्रोफॅरडचा घेतला तर तीनशे ओहमला पुरून उरतो, पण बत्तीस ओहमवर २२ हर्ट्झच्या आसपासच खर्ज उतरणीला लागतो. मोठा घ्यावा तर तो चार्ज होताना कानात दणका बसतो. माझा पहिला अ‍ॅम्प मी हेडफोन कानाला लावूनच चालू केला होता. तो ‘धप्प’ मी विसरलेलो नाही. तेव्हापासून अर्धा मिनिट थांबून हेडफोन जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) मी प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये घालतोच.

व्हॉल्व्ह निवडताना मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी देतो. चांगला असेल तर कानात बारीक ‘टक्’ येऊन विरते. वाईट असेल तर ‘टिंग’ घुमत राहतं, आणि तसा व्हॉल्व्ह तंबोऱ्यामागेही घुमतो.

मोटारीचे ते व्हॉल्व्ह आता कोणी बनवत नाही. जुना साठा आहे तेवढाच. ईसीसी८८ चा भाऊ ई८८सीसी मात्र स्लोव्हाकियात अजून बनतो. म्हणून माझ्या नव्या अ‍ॅम्पमध्ये मी तोच लावला आणि त्याला त्याचे ९० व्होल्ट दिले. मॉसफेटला मात्र चोवीसच, डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला पाव अँपिअर, हीटसिंकवर सहा-सहा वॅट. आत हात घालायच्या आधी कंडेन्सर रिकामा झाला का ते मीटर लावून बघतो, आणि दुसरा हात खिशात ठेवतो.